दर सांगा, डॉक्टर!

कारंजा तालुक्यातल्या धनज परिसरातून या महिन्यात आलेली पत्रं वाचून संताप आला, आणि त्यातला निम्मा आपल्याच पशुवैद्यक व्यवसायबंधूंवर आहे. तक्रार एकच. कुत्र्याच्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली, पण डॉक्टर कोण, कुठे बसतो, किती घेतो, हे सांगणारं कोणी भेटेना. एका पत्रलेखकाला सरकारी दवाखान्यात विचारण्यात आलं, “टॅग नंबर?”

१ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या पशुधनाला सरकारी दवाखान्यातून सेवा नाही, असा राज्याचा आदेश आहे. लसीकरणाची नोंद, बाजारातली खरेदी-विक्री, नुकसानभरपाई यांसाठी बिल्ला हवाच. त्याबद्दल वाद नाही. पण अडलेली म्हैस समोर आडवी असताना आधी बिल्ला लावायचा अ‍ॅप्लिकेटर शोधायचा आणि मग हात घालायचा? आणि कुत्र्याला हा बिल्ला लावतच नाहीत, म्हणजे आदेश त्याला लागूच नाही. इतकी साधी गोष्ट उलटी वाचली जाते: नंबर नाही, मग नोंद कशात करू? २१व्या पशुगणनेत प्रगणकांनी दारोदार जाऊन कुत्रीही मोजली. मोजायला चालतात, केसपेपरवर मात्र अडतात. पशुसंवर्धन आयुक्तालयाने एका ओळीचं स्पष्टीकरण काढलं तर हा घोळ संपेल. पण ती एक ओळ लिहायला किती बैठका लागतील, देव जाणे.

आता आपल्याकडे येऊ. रक्ताची हगवण लावणाऱ्या पार्व्होच्या केसला चार-पाच दिवस सलाइन, वांती थांबवणारी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक लागणार, हे आपल्याला पहिल्या तपासणीतच कळतं. तरी आकडा विचारला की आपण “बघू” म्हणतो. तिसऱ्या दिवशी बिल ऐकून मालक पिल्लू उचलून नेतो, सलाइन तुटते, पिल्लू जातं आणि गावभर होतं की डॉक्टरने लुटलं. पहिल्याच दिवशी किमान-कमाल खर्च कागदावर लिहून दिला असता, तर त्याने उसनवारी करून तरी निभावलं असतं, किंवा झेपत नाही असं तिथेच सांगितलं असतं. दोन्ही चाललं असतं.

लसीकरणाचंही तेच. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत बूस्टर, तिसऱ्या महिन्यात रेबीज, पुढे दरवर्षी. ही सगळी मालिका खर्चासह पहिल्या भेटीतच कार्डावर उतरवा. या भागात पैसा हाती येतो तो सोयाबीन-तूर विकल्यावर. वार्षिक डोस त्या हंगामाला जोडून दिला तर चुकणार नाही. हे कोणी करत नाही. मग मालक मेडिकलवाल्याकडे जातो, तो माणसाची आयबुप्रोफेन देतो, कुत्रं रक्त ओकतं आणि केस आपल्याकडे येते ती बिघडून. नोंदणीशिवाय उपचार करू नयेत, हे सांगणारं १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं कलम ३० सगळ्यांना पाठ आहे. पण नोंदणी नसलेल्यावर बोट दाखवताना, नोंदणी असलेला रविवारी फोन तरी उचलतो का, हेही विचारा.

नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव, पदवी, क्रमांक सापडेल. कारंज्यात रात्री दहाला कोण येईल, ते तिथे लिहिलेलं नाही. ते आपणच लिहायचं. दवाखान्याबाहेर फलक लावा: नोंदणी क्रमांक, वेळ, तपासणी शुल्क, गावात जाण्याचा पेट्रोलसह दर, रात्रीचा दर, आणि गंभीर केस अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत पाठवणार की नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, तेही.

कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या तीन तालुक्यांतल्या सभासदांनी हा मजकूर येत्या वीस तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात गावनिहाय यादी छापतो आहोत. ज्या गावापुढे नाव येणार नाही, ती जागा कोरीच छापू. फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो चालेल, फक्त दर वाचता आले पाहिजेत.