जनुकाचा क्रम आणि जनुकाचा शेजार

फळमाशीच्या डोळ्याला लाल रंग देणारे ‘व्हाइट’ जनुक निर्दोष असतानाही डोळा ठिपक्याठिपक्यांचा निघू शकतो. हर्मन मुलर यांनी १९३० मध्ये क्ष-किरणांचा मारा करून मिळवलेल्या माश्यांत असे डोळे नोंदवले. सूक्ष्मदर्शकाखाली अशा डोळ्यातली काही षट्कोनी भिंगे गडद लाल, तर लगतची पांढरीफटक दिसतात. गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे हे जनुक सेंट्रोमियरजवळच्या घट्ट वळलेल्या हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारी आलेले असते. तिथे हिस्टोन एच३च्या नवव्या लायसिनवर मिथाइल गट असतात, त्यांना एचपी१ प्रथिन चिकटते आणि तेच मिथाइल लावणाऱ्या विकराला पुढच्या हिस्टोनकडे ओढते. हा घट्टपणा कधी जनुकापर्यंत पोहोचतो, कधी अलीकडेच थांबतो. तुकडा पुन्हा सुलटा झाला, की लाल रंग परततो.

सस्तन मादीच्या एक्स गुणसूत्रात मात्र शेजार सरळ रेषेत मोजून भागत नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गप्प केला जातो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. ते काम सुरू करणारा झिस्ट आरएनए आधी कुठे उतरतो, हे २०१३ मध्ये उंदराच्या पेशींत तपासले गेले. क्रमाने दूर असलेल्या, पण घडीमुळे झिस्टच्या जनुकाजवळ आलेल्या जागा त्याने प्रथम गाठल्या होत्या. तरीही रचनेलाच सर्व श्रेय देणे घाईचे ठरेल. गप्प एक्सचे दोन मोठे भाग पाडणारा डीएक्सझेड४ हा पट्टा काढून टाकला तर ती विभागणी मोडते, पण बहुतेक जनुके गप्पच राहतात. निःशब्दता एकदा बसली, की मिथाइल खुणाही ती सांभाळतात.

रुग्णाच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चेहरा, खांदा आणि दंड यांचा स्नायुक्षय, म्हणजे एफएसएचडी. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ डी४झेड४ हा सुमारे ३,३०० बेसांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. निरोगी व्यक्तीत त्याची आवर्तने साधारण ११ ते १०० असतात. आजाराच्या पहिल्या प्रकारात ती १ ते १० वर येतात. आवर्तने घटली की तिथले क्रोमॅटिन सैल पडते. मग त्या गुणसूत्राचे टोक अनुकूल प्रकारचे असल्यास, एरवी गप्प असलेले डक्स४ जनुक स्नायूत बोलू लागते आणि स्नायुपेशी मरतात. दहाव्या गुणसूत्रावरही जवळजवळ तशीच आवर्तने आहेत. ती घटल्याने सहसा आजार होत नाही, पण मोजणीत मात्र गोंधळ होतो.

छोट्या तुकड्यांच्या वाचनावर उभा असलेला एक्झोम ही आवर्तने मोजत नाही. त्यासाठी सदर्न ब्लॉट किंवा ऑप्टिकल मॅपिंग लागते. म्हणून स्नायुक्षयाच्या संशयित रुग्णाच्या अहवालावर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिताना, डी४झेड४ची आवर्तने मोजली आहेत की नाहीत, हे निदानशाळांनी त्याच पानावर स्पष्ट नोंदवावे.