पोळ्यापर्यंत मुदत

पॅराक्वाट सुटं विकणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना हे शेवटचं सांगणं. पोळ्यानंतर सांगायला कोणी येणार नाही, थेट तक्रार दाखल होईल.

पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, लेबल नाही, पावती नाही, अशा रीतीने हे तणनाशक गिऱ्हाइकाच्या हाती दिलं जातं. घरी गेल्यावर ती बाटली कशाची, हे पोराला कळत नाही आणि अंधारात म्हाताऱ्यालाही कळत नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे मी रोज ऐकतो. त्या अडचणीवर तुम्ही काय विकता, ते एकदा एका डॉक्टरकडून ऐकून घ्या.

फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून पेशींचं अस्तर असतं. बहुतेक जागी त्याची जाडी एका मायक्रॉनहून कमी, पण सगळं उलगडलं तर ते सत्तरेक चौरस मीटर भरेल. त्यातल्या चपट्या पेशींतून प्राणवायू रक्तात उतरतो. दुसऱ्या, जाडसर पेशी वायुकोश मिटू नयेत म्हणून एक द्रव पाझरतात. या पेशींना पॉलिअमाइन नावाचे रेणू लागतात आणि ते आत घेण्याची सोय त्यांच्याकडे असते. पॅराक्वाट दिसायला त्यांच्यासारखंच, त्यामुळे पेशी ते स्वतःहून ओढून घेतात. रक्तातलं प्रमाण उतरत असतानाही फुप्फुसात ते साठत राहतं. आत गेल्यावर ते पेशीतला इलेक्ट्रॉन उचलतं, प्राणवायूला देतं, पुन्हा उचलतं, पुन्हा देतं. दर फेरीला सुपरऑक्साइड तयार होतं आणि पेशीचं आवरण फाटत जातं.

हे अस्तर मुकाट्याने मरत नाही. जखमी पेशी इंटरल्युकिन-8 सारखे रासायनिक संदेश सोडतात, मेलेल्या पेशींतून सांडलेले घटकही तीच हाकाटी करतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी झुंडीने येऊन थडकतात. चोर धरायला बोलावलेल्या गर्दीने घरच पेटवावं, तसं होतं. वायुकोशांत पाणी भरतं. त्यातून जो वाचतो, त्याच्या फुप्फुसात पुढे व्रणाच्या राठ तंतूंची दाटी होते आणि श्वास दिवसेंदिवस आखूड होत जातो. यावर उतारा नाही. प्राणवायूसुद्धा जपून लावावा लागतो, कारण गरजेपेक्षा जास्त दिला तर तेच चक्र आणखी जोरात फिरतं. काल खाटेवर बसून बोलणारा माणूस आज का धापा टाकतोय, हे नातेवाइकांना समजावताना माझ्याकडे शब्द कमी पडतात. पुष्कळदा श्वास लागेपर्यंत काही दिवस गेलेले असतात, आणि ‘बरा दिसतोय’ म्हणून घरी ठेवलेले तेच दिवस.

स्वीडनने 1983 मध्ये, केरळने 2011 मध्ये पॅराक्वाटवर बंदी घातली. युरोपीय न्यायालयाने 2007 मध्ये त्याची परवानगी रद्द केली. ब्रिटनमधल्या हडर्सफील्डला ते वर्षानुवर्षं बनत आलं, मात्र ब्रिटनच्या शेतात फवारायला मनाई! यवतमाळात 2017 साली फवारणीने माणसं मेली तेव्हा मुख्यतः कीटकनाशकांची चर्चा झाली. तणनाशक तेव्हाही बाजूला राहिलं.

आता अटी. पोळ्याच्या दिवसापर्यंत सुटी विक्री बंद झाली पाहिजे. मूळ सीलबंद डबा, पक्की पावती, विकत घेणाऱ्याच्या नावाची नोंद. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विषबाधेच्या वैद्यकीय-कायदेशीर (एमएलसी) नोंदीत, माल कुठून आणला हे नातेवाइकांना विचारून लिहीन आणि त्याच दिवशी कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी तक्रार देईन. कीटकनाशक कायद्यात कैदेची तरतूद आहे. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण आजपासून संपलं.

निरीक्षक साहेब, तुमच्यासाठीही तीच तारीख. तक्रारीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. कार्यवाही काय केली, हे मग तुम्हाला तिथे सांगावं लागेल. राज्य सरकारला याच कायद्याच्या कलम 27 खाली साठ दिवस विक्री थांबवता येते, वर तीस दिवस वाढवता येतात. तणनाशकाचा हंगाम तेवढ्यात निघून जातो. पुढल्या मृगाच्या आधी तो आदेश निघाला नाही, तर या नोंदी घेऊन आम्ही न्यायालयात जाऊ.

फवारणाऱ्यांनो, गळका पंप पाठीवर घेऊ नका. खरचटलेल्या कातडीतूनही हे विष आत जातं. कपडे भिजले तर तिथेच काढा, साबणाने धुवा. कोणाच्याही पोटात गेलं, चुकून असो की रागाच्या भरात, तर त्याला दोष देत बसू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली सोबत घ्या आणि 108 ला फोन करून त्याच तासाला निघा, मग तो कितीही धडधाकट दिसो.