वाफेची वाट आराखड्यातच हवी



गुऱ्हाळावर चुलवणाची आच वाया जाऊ नये म्हणून गुळव्या डोळ्यांत तेल घालून बसतो. साखर कारखान्यातही हिशेब तोच. शंभर किलो उसामागे 28 ते 30 किलो बगॅस निघते. ती जाळून केलेली वाफ आधी टर्बाइन फिरवते, अन् तीच पुढे रस आटवते. एका जळणात दोन कामे!

आता भुसावळजवळच्या दीपनगरकडे पाहा. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. बाकीची बहुतेक कूलिंग टॉवर अन् धुराड्यातून हवेत जाते. ते कोमट पाणी थेट कामाचे नाही. टर्बाइनमधून वाफ मध्येच काढावी लागते अन् तेवढी वीज घटते. हा सौदा परवडायचा तर वाफ घेणारा शेजारीच हवा. लांबच्या नळात उष्णता निवते आणि खर्चही वाढतो.

म्हणून आम्ही म्हणतो, हा प्रश्न यंत्राइतकाच जागेचा आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्यात रस्ते, पाणी, बाजार यांच्या जागा ठरतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोठ्या इमारतींसाठी सौर यंत्रणा अन् पाऊसपाणी साठवण आली. चांगले झाले. पण शेजारची वाफ कोणाच्या कामी येईल, हेही तिथेच ठरायला हवे. वस्ती उठल्यावर नळाला जागा कोण देणार?

डेन्मार्कने 1979 साली उष्णता पुरवठ्याचा कायदा केला. कोणत्या भागाला कुठली उष्णता द्यायची, हे नियोजनात आणले. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे सामाईक नळाच्या उष्णतेवर आहेत, आणि पुरवठा करणाऱ्या कितीतरी संस्था ग्राहकांच्या सहकारी आहेत. सहकार आपल्याला काय नवा आहे?

कोणी म्हणेल, मे महिन्यात पारा 45 वर जातो, इथे ऊब कोणाला हवी? बरोबर. आपल्याला हवा गारवा. वाफेवर चालणारी शीतयंत्रे असतात. रावेर-यावलच्या केळीला साठवणीत 13-14 अंशांची थंडी लागते. शिवाय डाळ, तेल, दूध यांच्या प्रक्रियेला वाफ लागतेच.

अडचण एकच मोठी : गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा, केळी बारमाही. म्हणून एकट्या कारखान्याच्या भरवशावर ही योजना उभी राहणार नाही. बारमाही उष्णतेची जोड आराखड्यातच पाहावी लागेल.

आमचे मागणे साधे आहे. नवी औद्योगिक वसाहत आखताना आधी उष्णता कुठे फुकट जाते ते मोजा, घेणाऱ्यांना जवळ जागा द्या, नळाची पट्टी राखून ठेवा. आणि बगॅस आपल्या उसाची आहे, तेव्हा तिच्या वाफेच्या पैशात उसाच्या दराचा वाटा असलाच पाहिजे. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा आपण गप्प राहू नये. मुदत गेल्यावर बोलून काय उपयोग?