बेंचवर कौटिल्य

परवा ऑफिसात 'लीडरशिप'चं ट्रेनिंग झालं. दुसऱ्याच स्लाइडवर चाणक्य! साम, दाम, दंड, भेद... नेहमीचंच. (समोसे मात्र गरम होते.) पगाराचं प्रकरण कुणीच काढत नाही.

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, 14व्या अध्यायात सवाल आहे: मजूर हजर आहे पण मालक कामच देत नाही, तर पगार द्यायचा का? म्हणजे चक्क आपला बेंच! आधीचे आचार्य म्हणतात, हजर होता ना, मग काम झालं असंच धरा. कौटिल्य म्हणतो, छे, पगार केलेल्या कामाचा. इथे एचआरवाले टाळ्या वाजवतील. पण पुढे वाचा की राव! थोडं जरी काम करून घेतलं आणि मग मालकानेच थांबवलं, तर ते पूर्ण झालं असंच समजायचं. कौटिल्य काही युनियनचा पुढारी नव्हता, राजाच्या तिजोरीची काळजी वाहणारा माणूस. तरी काम कुणी थांबवलं, हे त्याने बघितलं.

2009च्या मंदीत आमचा प्रोजेक्ट क्लायंटने अर्ध्यात बंद केला. दोन महिने बेंच, मग 'परफॉर्मन्स'च्या नावाखाली राजीनामा लिहून घेतला. तेव्हा हे कुणीच बघितलं नाही.

ट्रेनरला त्या अध्यायाबद्दल विचारलं. म्हणाला, "आपण ऑफलाइन बोलू."