एका सामन्याचा हंगाम आता पुरे

यंदाचा आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल हंगाम आटोपला. पुरुष गटाचे निकाल आपल्या हाती आलेच आहेत, ते पुन्हा छापून जागा अडवत नाही. या वेळी निकालांपेक्षा पत्रांचा गठ्ठा मोठा आहे. दौंड, शिरूर, इंदापूर, पुरंदर या तालुक्यांतल्या क्रीडा संचालकांनी आणि जिमखाना प्रमुखांनी ही पत्रे लिहिली आहेत. कुणाची तक्रार तारखांची, कुणाची पंचांची, कुणाची प्रवासभत्त्याची. पण बहुतेक पत्रांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: मुले एक सामना खेळली आणि घरी आली.

यातले एक पत्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. महाविद्यालय लहान, मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. संघ पहाटेच्या एसटीने निघाला, कारण हजेरीची वेळ सकाळी आठची होती. मैदानावर पोचल्यावर पात्रता अर्जांची तपासणी सुरू झाली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मागील वर्षाचा निकाल, चालू वर्षाच्या शुल्काची पावती, ओळखपत्र, सगळे जोडलेले होते. दोन अर्जांवर प्राचार्यांचा गोल शिक्का होता, पण तो फोटोवर अर्धा आलेला नव्हता. ती दोन मुले बाकावर बसली. दहा खेळाडूंचा संघ आठांवर आला. सामना दुपारी एकच्या पुढे लागला, तोवर मुलांच्या पोटात वडापावाशिवाय काही नव्हते. समोर आला गतवर्षीचा उपविजेता. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको.

त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट अधिक बोचते. या संघाचा सर्वांत चांगला नेमबाज आपल्या नेहमीच्या जागेवरून बास्केट टाकत होता. चार चेंडू रिंगमधून गेले. तीनाचे म्हणून त्याने प्रत्येक वेळी बोटे वर केली आणि प्रत्येक वेळी पंचांनी दोनच गुण दिले. कारण त्याच्या महाविद्यालयातल्या सिमेंटच्या मैदानावर तीन गुणांची रेषा अजून ६.२५ मीटरची आहे. ‘फिबा’ने ती २०१० मध्ये ६.७५ मीटरवर नेली. त्याच वेळी रिंगखालची समलंब चौकोनी जागा आयताकृती झाली. त्या मैदानावर हे दोन्ही बदल अजून पोचलेले नाहीत. मुलाचा सराव पक्का होता, मैदानाची आखणी चुकीची होती. वर्षात दुसऱ्या कुठल्याही मैदानावर तो एकदाही खेळला नव्हता, म्हणून ही चूक त्याला हंगामातल्या पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात कळली.

आमचा मुद्दा हाच आहे. शिक्का चुकला, रेषा चुकली, जेवण चुकले, हे सगळे सुधारता येते. पण सुधारायला पुढचा सामना लागतो. आपली स्पर्धापद्धती तो देतच नाही.

भाग्यपत्रिका कशी काढतात ते आपणा सर्वांना पाठ आहे. तरीही एकदा आकडे समोर ठेवू. अकरा संघांच्या प्रवेशिका आल्या असे धरा. बाद पद्धतीत पाच संघांना पुढे चाल मिळते, एकूण सामने होतात दहा. अकरांपैकी किमान चार आणि जास्तीत जास्त सात संघांचा हंगाम एका सामन्यात संपतो. पुढे चाल मिळालेला संघ एकच सामना जिंकून उपांत्य फेरीत बसतो. आता तेच अकरा संघ चार, चार आणि तीन अशा गटांत घाला. साखळीचे पंधरा सामने, त्यानंतर तीन गटविजेते आणि एक सरस उपविजेता यांचे दोन उपांत्य सामने व अंतिम सामना, असे एकूण अठरा होतात. दोन मैदाने असतील तर दिवसाला प्रत्येकी तीन सामने धरून तीन दिवसांत स्पर्धा पार पडते. प्रत्येक संघाला कमीत कमी दोन, बहुतेकांना तीन सामने मिळतात. फरक आठ सामन्यांचा आणि फार तर एका दिवसाचा आहे. एवढ्यासाठी आपण दरवर्षी अनेक संघ दुपारीच परत पाठवतो.

भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आधी बाद फेऱ्या होतात आणि शेवटचे चार संघ आपसांत साखळी खेळतात. म्हणजे जो संघ मुळातच बळकट आहे, त्याला वाढीव सामने मिळतात. ज्याला सामन्यांची खरी गरज आहे, त्याच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात. वेळ वाचवायला संयोजकांनी डावांची मिनिटे कापली तर तीही पुरी मिळत नाहीत. विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्यांनाही हे सोयीचे नाही. एका एकतर्फी सामन्यात कोणाचा बचाव पक्का आणि कोणाचा पास अचूक, हे कोणी कसे ठरवावे?

बाद पद्धत का टिकून आहे याचे उत्तर कोणत्याही बैठकीत मिळते: वेळ नाही, सत्र परीक्षा तोंडावर आहेत, अनुदान तेवढेच आहे, अहवाल वेळेत पाठवायचा आहे. ही कारणे खोटी नाहीत. पण या सगळ्यांत मुलाचा खेळ कुठे येतो, हे कोणी विचारत नाही. स्पर्धा ‘पार पडली’ की काम झाले, असा हिशेब बसला आहे. पात्रता अर्जांचेही तसेच. तपासणी हवीच, बोगस खेळाडू कुणालाच नको आहेत. मात्र अर्जातली त्रुटी सामन्याच्या सकाळी काढण्यापेक्षा आधीच फोनवर कळवायला काय हरकत आहे? आठ दिवस आधी अर्ज मागवा, चार दिवस आधी त्रुटी कळवा, दुरुस्त अर्ज घ्या. मैदानावर फक्त ओळखपत्र आणि चेहरा पाहा. यासाठी नवा नियम लागत नाही, संयोजकाची इच्छा लागते.

आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालणार नाही. कबड्डीचा खेळाडू महाविद्यालयाच्या स्पर्धेवर अवलंबून नसतो. यात्रा-जत्रांचे सामने, मंडळांच्या स्पर्धा, रात्रीचे चषक यांत तो हिवाळाभर खेळतो. एका स्पर्धेत बाद झाला तर पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात उतरतो. कुस्तीगिराला आखाडे आहेत. बास्केटबॉलला आपल्याकडे जत्रा नाही. पाटस, वरवंड, कुरकुंभ, न्हावरे इथल्या मुलाला या खेळाचा सामना मिळेल तर तो महाविद्यालयाकडूनच. आपण एकच दिला तर त्याची वर्षाची शिदोरी तेवढीच. मग उंचापुरा, चपळ मुलगा दुसऱ्या वर्षी कबड्डीकडे किंवा थेट भरतीच्या मैदानावर जातो आणि आपण म्हणतो, ग्रामीण मुलांना बास्केटबॉलची आवड नाही.

आवड नाही हे आम्हाला मान्य नाही. मुंबईच्या नागपाड्याकडे पाहा. दाट वस्ती, जागेची चणचण. तिथल्या नेबरहूड हाऊसच्या मैदानावर खेळत मोठ्या झालेल्या अब्बास मुंतसिर यांनी भारताचे कर्णधारपद भूषवले आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. नागपाड्याकडे काय होते? एक मैदान आणि त्यावर संध्याकाळमागून संध्याकाळ रंगणारा खेळ. सुविधा नंतर येतात, आधी सामने लागतात.

अमेरिकेतली लहान महाविद्यालये हेच संघटितपणे करतात. तिथल्या ‘एनसीएए’च्या तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत. खेळाच्या नावावर शिष्यवृत्ती देण्याची त्यांना मुभा नाही. यांतली अनेक आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांसारखी, गावातल्या लोकांच्या ओळखीची. पण शेजारची आठ-दहा महाविद्यालये एकत्र येऊन आपली परिषद करतात आणि प्रत्येकाशी दोनदा खेळतात, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा पाहुणे म्हणून. परिषदेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. एका संघाचे हंगामातले सामने पंचवीसच्या घरात जातात. जानेवारीत हरलेला संघ फेब्रुवारीत त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवू शकतो. चुरस अशी तयार होते. आपल्याकडे चुरशीला दुसरी संधीच नसते.

त्यांचा पैसा आपल्याकडे नाही, पण शेजार आहे. पाटस मध्यभागी धरा. इथून एक रस्ता बारामतीला जातो, दुसरा दौंडला. महामार्गाने एका बाजूला इंदापूर आणि दुसऱ्या बाजूला केडगाव, उरुळी कांचन. शिरूरकरांना न्हावरे-चौफुला मार्ग आहे. दौंडचे कटारिया महाविद्यालय, शिरूरचे बोरा महाविद्यालय, इंदापूर महाविद्यालय, उरुळी कांचनचे मणिभाई देसाई महाविद्यालय, बारामतीतली महाविद्यालये, केडगाव-सासवडकडची महाविद्यालये, यांतले कोणतेही सहा संघ पुढे आले तरी पुरेसे आहे. सहा संघांची एकेरी साखळी म्हणजे पंधरा सामने. पाच शनिवार, दर शनिवारी एकाच मैदानावर तीन सामने. सामन्याला दीड तास धरला तर सकाळी आठला सुरू होऊन साडेबाराला आवरते, मुले दुपारच्या गाडीने घरी. प्रत्येक संघाला पाच सामने, म्हणजे दोनशे मिनिटांचा खेळ. जुलैच्या अखेरीस सुरुवात केली तर विभागीय स्पर्धेआधी संघ तयार होतो आणि सत्र परीक्षाही आड येत नाही.

पंच कुठून आणायचे? बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांना पंचगिरीचा सराव हवाच असतो. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे आगाशे महाविद्यालय आहे, इतरही आहेत. त्यांना रीतसर पत्र द्या, प्रवासखर्च द्या, सोबतीला एक अनुभवी पंच ठेवा. चोवीस सेकंदांचे घड्याळ नसेल तर टेबलावर एक मुलगा स्टॉपवॉच घेऊन बसवा, शेवटची पाच सेकंदे त्याने मोठ्याने मोजावीत. मैदानाच्या रेषा नव्या मापाने मारायला दोन डबे रंग, मोजपट्टी आणि एक रविवार पुरतो. २८ बाय १५ मीटरचा आराखडा हवा असेल त्या वाचकाला आम्ही तो पाठवू. खर्चाबाबत प्राचार्यांकडे जाताना हेही सांगा, की नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत आणि त्यात खेळ येतो. विद्यार्थी जिमखाना शुल्क भरतो. त्या शुल्काच्या बदल्यात त्याला पाच सामने देणे ही मेहेरबानी नव्हे.

आता आपल्याच मंडळींशी दोन स्पष्ट शब्द. अनेक ठिकाणी क्रीडा संचालकाचे पद रिक्त आहे, जिमखान्याचा कार्यभार दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकाच्या गळ्यात आहे, कुणी तासिका तत्त्वावर राबतो आहे. त्यांच्या अडचणी आम्ही जाणतो आणि या पदांच्या भरतीसाठी लिहीत राहू. पण पूर्ण वेतनावर असलेले, मैदान दारात असलेले काही जण प्रवेशिका पाठवतात आणि सामन्याच्या दिवशी संघच आणत नाहीत. अहवालात ‘सहभाग’ लिहिला जातो, समोरच्या संघाला फुकटचा विजय मिळतो आणि त्याचा तो दिवस खेळाविना वाया जातो. ‘फिबा’च्या नियमात जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला एक गुण आणि न येणाऱ्याला शून्य आहे. नियोजित वेळेनंतर पंधरा मिनिटांत पाच खेळाडू उभे राहिले नाहीत तर सामना गेला. खेळून हरणाऱ्याचा मान हा नियम राखतो, गैरहजराचा नाही. आपणही राखू नये. जे महाविद्यालय सबळ कारणाशिवाय गैरहजर राहील, त्याचे नाव आमच्या साखळीच्या तक्त्यात शून्यासह छापले जाईल.

क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाला आमची विनंती तीन कलमांची आहे. विभागीय बास्केटबॉल स्पर्धा गट-साखळी पद्धतीने घ्यावी, निदान प्रत्येक संघाला दोन सामने मिळतील अशी भाग्यपत्रिका बंधनकारक करावी. पात्रता अर्जांची छाननी स्पर्धेच्या चार दिवस आधी पूर्ण व्हावी. आणि महाविद्यालयांनी स्वखर्चाने चालवलेल्या साखळीतली कामगिरी निवड समितीने पाहावी, त्यासाठी तीन निवडकर्त्यांपैकी एकाला एका शनिवारी पाठवावे.

मंजुरी येईपर्यंत थांबू नका. मंजुरीच्या कागदाची वाट पाहण्यात मुलांची तीन वर्षे निघून जातात आणि नव्या तुकडीसाठी आपण तोच अर्ज पुन्हा लिहितो. जून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता पाटस येथे बसू. येताना तीन गोष्टी घेऊन या: प्राचार्यांची संमती, आपल्या मैदानाची सद्यस्थिती आणि संघातल्या बारा मुलांची नावे. बारा नसतील तर आठ आणा, आठ नसतील तर पाच. पाचांवर सामना सुरू होतो. त्याच दिवशी चक्राकार पद्धतीने भाग्यपत्रिका काढू आणि पहिल्या शनिवारचे मैदान ठरवू. येणार असाल तर मे अखेरपर्यंत पोस्टकार्डावर दोन ओळी टाका. सहा पत्रे आली की साखळी सुरू झाली असे समजा.