नाव गावाची हवी

निपाणी म्हटले की किनारपट्टीवरील वाचकास तंबाखू आठवतो. नाव आठवत नाही. परंतु वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठची गावे एके काळी लाकडी नावेनेच नदी ओलांडीत. पुढे बंधारे झाले, त्यांवरून वाट झाली आणि नाव काठावर कुजली. बंधारे बारमाही वाट देते, तर याबद्दल हळहळण्याचे कारण नव्हते. पण जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी दर पावसाळ्यात छापून आम्हांस पाठ झाली आहे! मग मोठा वळसा, आणि महापूर आलाच तर बाहेरच्या रबरी बोटींची प्रतीक्षा.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली बोट उलटून १७ जण बुडाले. तेव्हा केवळ बोट विकत घेऊन भागत नाही. नाव गावाच्या मालकीची असावी, नावाड्यास वर्षभर मानधन असावे, आणि पाणी संथ असता कोणत्याही घरच्या मुलामुलींस ती वल्हविता यावी. सांगलीस कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात. तेथील तरुणांच्या हाती वल्हे राहिले ते त्यामुळेच.

मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात, मध्ये दूधगंगा. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नदी त्यासाठी थांबत नाही. या दोन गावांनी मिळून एक नाव ठेविली, तर तीस परवाना कोणत्या राज्याचा, एवढे तरी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी ठरवावे.