माहेरी जाताना रिपोर्टही न्या

जून २०२४ मध्ये पुणे शहरात झिकाचे रुग्ण सापडू लागले. झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काहीच जाणवत नाही. पण आई गरोदर असेल तर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ३ जुलैला केंद्र सरकारने गरोदर स्त्रियांच्या तपासणीवर भर देण्याची सूचना राज्यांना केली.

ती बातमी मागे पडली. पण असेच गुपचूप राहणारे दुसरे विषाणू कायम आपल्यात असतात. हिपॅटायटिस बी त्यातलाच. आई धडधाकट असते, शेतात कांदा काढते, घर सांभाळते आणि बाळंतपणात विषाणू बाळाकडे जातो. मोठ्या माणसाचे शरीर बहुतेकदा त्याला हटवते. जन्मावेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत मात्र तो मुक्काम ठोकतो आणि पुढे लिव्हरवर उठतो.

उपाय आहे. आईच्या रक्ताची तपासणी, गरज असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला गोळ्या, बाळाला २४ तासांच्या आत लस आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत आणखी एक इंजेक्शन. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात याची मोफत सोय आहे.

मग अडते कुठे? पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. नाव नोंदवले, रक्त तपासले सासरी जुन्नरला. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी मंचरला. कपडे जातात, फाइल सासरच्या कपाटात राहते. कधी ती विसरलेली असते, कधी मुद्दाम ठेवलेली. मंचरला रक्त पुन्हा तपासता येईल, पण गोळ्यांचे आठवडे निघून गेलेले असतात.

मुद्दाम का ठेवतात? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूत आजाराच्या खुणेला ‘अलामत’ म्हणतात, मराठीत ‘लक्षण’. पण ‘हिची लक्षणं ठीक नाहीत’ असेही आपण म्हणतो. पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की घरात नेमका हाच दुसरा अर्थ लावला जातो. ताट वेगळे होते, माहेरच्यांना बोल लागतो. खरे तर हा विषाणू एकत्र जेवल्याने पसरत नाही आणि अनेकींना तो त्यांच्या स्वतःच्या जन्मावेळीच मिळालेला असतो. आई बाळाला दूधही पाजू शकते.

एचआयव्हीचेही तसेच. उपचार नसतील तर शंभरातील १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर औषधे मिळाली तर पाचपेक्षा कमी बाळांना. मात्र त्या औषधांसाठी आधी कुणीतरी बोलावे लागते, आणि एकट्या सुनेला ते जमत नाही.

म्हणून माझे म्हणणे सासवांना आणि नवऱ्यांना आहे. सुनेसोबत नवऱ्यानेही रक्त तपासून घ्यावे, म्हणजे बोट एकटीकडे जाणार नाही. फाइल तिच्या पिशवीत सगळ्यांत आधी ठेवावी. बाळ झाल्यावर मिठाई वाटायच्या आधी नर्सताईंना विचारावे, पहिल्या दिवसाची लस दिली का?